कोकणातलं जुनं घर पाहुण्यांसाठी कमी पैशात कसं लावायचं (आमच्या चुकांसकट)

दापोली तालुक्यात समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर माझ्या सासरचं घर आहे. चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), कौलारू, पुढे पडवी, मागे आगर म्हणजे झाडांची वाडी. सासूबाई गेल्यावर चार वर्षं ते बंदच होतं, गणपतीला उघडायचं, झाडायचं, पाच दिवस राहायचं आणि परत कुलूप. मग घरात ठरलं की दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, निदान घर उघडं तरी राहील. मी डोंबिवलीत नोकरी करते, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी रात्रीची गाडी धरून जायचं आणि रविवारी परत, असं करत करत पाच महिन्यांत हे काम केलं. बजेट होतं दीड लाख, झाले २,१६,०००, आणि त्याशिवाय १९,००० रुपये निव्वळ मूर्खपणात गेले ते वेगळेच, त्याबद्दल खाली सांगतेच.

आता ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करून विचारतं की आमचंही घर गुहागरला आहे, मालवणला आहे, काय करू, इंटिरियरवाल्याने आठ लाख सांगितलेत. त्या सगळ्यांना एकच उत्तर देऊन देऊन थकले म्हणून एकदाच सविस्तर लिहून काढते.

१) आधी एक रात्र स्वतः पाहुणे म्हणून झोपा

हे कोणी करत नाही आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. आपलं घर आपल्याला माहीत असतं, त्यामुळे अंधारात बटण कुठे आहे ते हाताला बरोबर सापडतं, न्हाणीघराच्या पायरीला आपण आपोआप पाय उचलतो. पाहुण्याला यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून बॅग भरून जा, जी खोली द्यायची आहे त्याच खोलीत झोपा, स्वयंपाकघरात आपलं म्हणून काही घ्यायला जाऊ नका, आणि एक वही जवळ ठेवा.

आमच्या वहीत एका रात्रीत ३१ गोष्टी निघाल्या. पलंगाजवळ मोबाइल चार्जिंगला प्लग नाही, बॅग ठेवायला जागा नाही, ओला टॉवेल कुठे टाकायचा कळत नाही, बाथरूमचं बटण दाराच्या मागे, पंखा तीन नंबरवर कुरकुरतो, पूर्वेच्या खिडकीतून सहालाच ऊन थेट तोंडावर, उशीला कुबट वास, रात्री माळ्यावर उंदीर धावले. नवऱ्याला म्हटलं यात सुंदर दिसण्याबद्दल किती आहेत मोज, तर चार निघाल्या. बाकी २७ सगळ्या झोप, उजेड, पाणी आणि वास याच्याच. मग पैसेसुद्धा त्याच हिशोबाने लावायचे असं ठरवलं. जिथे ठरवूनही ऐकलं नाही, तिथेच ते १९,००० गेले.

२) कागद आणि भाऊबंद

हो, इंटिरियरच्या लेखात हे कशाला असं वाटेल. पण कोकणात सातबाऱ्यावर किती नावं असतात ते मी तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे अकरा आहेत, त्यातले दोघं हयात नाहीत आणि एक जण अमेरिकेत. घर आमच्या वाट्याचं असं सगळे तोंडाने म्हणतात, पण एकदा बाथरूमच्या टाइल्स लागल्या आणि दारात पाहुण्यांची गाडी उभी राहिली की तोंडचं तोंडातच राहतं. तेव्हा आधी सगळ्यांना चहाला बोलवा, कागदावर संमती घ्या, सह्या घ्या, आणि मगच गवंड्याला हाक मारा. आम्ही हे उलट केलं आणि एका चुलतसासऱ्यांना समजावण्यात एक अख्खी दिवाळी गेली.

साधारण ही कागदपत्रं काढून फाइल करून ठेवा:

- सातबारा उतारा आणि ग्रामपंचायतीचा घराचा असेसमेंट उतारा (नमुना ८)
- चालू वर्षाची घरपट्टी, पाणीपट्टी भरल्याची पावती
- सहहिस्सेदारांचं संमतीपत्र
- ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला
- मालकाचं आधार, पॅन, बँक पासबुकाची प्रत
- वीजबिल (मीटर अजून आजेसासऱ्यांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या)
- पोलीस पडताळणीचा दाखला

राज्याच्या पर्यटन खात्याची निवास न्याहरी योजना आहे, तिच्यात नोंदणी करून घ्या, आणि अर्ज करायच्या आधी पर्यटन संचालनालयाच्या ऑफिसात चालू यादी विचारा कारण कागद कमीजास्त होत असतात. वीज घरगुती दराने लागणार की व्यापारी, हे महावितरणकडे तेव्हाच विचारून टाका. जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी लागते. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. आणि समुद्राजवळ घर असेल तर आहे त्या घरात रंगरंगोटी, दुरुस्ती वेगळी आणि नवीन खोली बांधणं वेगळं, तिथे सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) आडवं येतं, त्यामुळे "जरा पुढे एक खोली ओढू" असं गवंडी म्हणाला तरी ओढू नका.

३) छप्पर, वाळवी, ओल. रंगाचा डबा अजून उघडायचा नाही

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडची पश्चिमेची अर्धी कौलं गेली होती. अख्ख्या पंचक्रोशीत तीच गत, कौलं मिळेनात, तेव्हा घाईत वर पत्रे टाकले होते. पत्र्याखाली मे महिन्यात कोण झोपणार? म्हणून सगळ्यात पहिले पैसे तिथे लावले, पत्रे काढून परत मंगलोरी कौलं. जुनं घर पाडणाऱ्यांकडे जुनी कौलं मिळतात, नव्यापेक्षा स्वस्त आणि रंग आपल्या उरलेल्या कौलांशी जुळतो. शंभरेक जास्तीची घेऊन मागे रचून ठेवा, वानरं दर वर्षी पाच-पंचवीस फोडतातच.

कौलं बसवतानाच प्रत्येक खोलीत दोन-तीन काचेची कौलं टाकून घ्या. काही शे रुपयांत दिवसाचा उजेड येतो. आमची माजघराची खोली दुपारी बारालाही दिवा लावल्याशिवाय दिसायची नाही, तीच आता पाहुण्यांना सगळ्यात आवडते. फक्त पलंगाच्या बरोबर वर काच येऊ देऊ नका.

कौलांखाली फॉल्स सीलिंग करायचा मोह होईल, कारण कौलातून बारीक धूळ, कोळीष्टकं खाली पडतात आणि शहरातल्या माणसाला ते चालत नाही. पण पीओपी किंवा पीव्हीसीचं सीलिंग म्हणजे उंदरांना आयता मजला बांधून दिल्यासारखं आहे, आणि वर गळलं तर महिनाभर कळत नाही. आम्ही जुनी युक्ती केली, चांदवा. पलंगावर वाशांना दोऱ्या बांधून चार कोपऱ्यांत जाड सुती मांजरपाट ताणला आणि त्याच्याच कडेला मच्छरदाणी शिवून घेतली. धूळ वरच्या कापडावर, डास बाहेर, आणि फोटोत तर ते इतकं छान येतं की लोक विचारतात हे कुठून घेतलं. एका पलंगाला शिलाईसकट १,१०० रुपये पडले. दोन महिन्यांनी काढून धुवायचं.

वाळवीसाठी भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडणारी माणसं बोलवा, जमीन आणि रंग करायच्या आधीच. बाहेरच्या वाशांना, झोपाळ्याच्या तुळईला सुतारकाकांनी काजूच्या टरफलांचं तेल लावलं. काळंकुट्ट असतं, हाताला लागलं तर कातडी जळते, पण लाकूड टिकतं. खोलीच्या आत नको, वास राहतो.

ओल आहे की नाही ते बघायची सोपी पद्धत: फूटभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून थेंब धरले असतील तर भिंत अजून पाणी सोडतेय, रंग लावू नका. आमच्या पट्ट्यात पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चिऱ्याची भिंत ते पीत असते आणि दिवाळीपर्यंत हळूहळू सोडत असते. म्हणून रंगकाम दिवाळीनंतर. गणपतीच्या आधी घाईने रंग काढलेल्या घरांच्या पोपडे आलेल्या भिंती गावात शेकड्याने बघायला मिळतील.

४) बाथरूम, इथे हात आखडू नका

आमचा सगळ्यात मोठा खर्च हा, दोन बाथरूमचे ६२,०००. न्हाणीघर मागे अंगणात होतं. पाहुणा एक वेळ जमिनीवर झोपेल, पण रात्री बॅटरी घेऊन मागच्या अंगणात जाणार नाही, आणि साप-विंचवाच्या गोष्टी त्याने आधीच ऐकलेल्या असतात. म्हणून एक कोठीची खोली होती तिचं बाथरूम केलं आणि दुसरं जुन्या न्हाणीघराला मधून दार पाडून आत घेतलं.

पैसे वाचवले ते असे: भिंतीला टाइल्स फक्त चार फुटांपर्यंत, वर वॉटरप्रूफ सिमेंट आणि पांढरा रंग. शॉवरच्या कोपऱ्यात मात्र सात फूट. जमिनीला खरखरीत मॅट टाइल, एक फूट बाय एक फूट, कारण लहान टाइल असली की उतार नीट काढता येतो. गवंड्याला शेवटचे पैसे द्यायच्या आधी बादलीभर पाणी ओता, आणि कोपऱ्यात गोटी ठेवून ती जाळीकडे जाते का बघा. आमची पहिली गोटी कमोडकडे गेली. गवंडी म्हणाला "वहिनी, थोडं इकडंतिकडं चालतं", मी म्हटलं नाही चालत, आणि परत करून घेतलं.

नळांचं बघा. खाऱ्या हवेत स्वस्त क्रोमचे नळ दुसऱ्या पावसाळ्यात हिरवे-पांढरे पडतात. एक तर चांगले पितळी घ्या, नाहीतर सरळ पीटीएमटीचे प्लास्टिकचे. दिसायला साधे आहेत पण गंजत नाहीत. स्टीलचे हुक, टॉवेल रॉड ३०४ ग्रेडचे मागा, दुकानदार २०२ देतो आणि म्हणतो सेमच आहे, सेम नाही, सहा महिन्यांत त्यावर तांबूस ठिपके येतात. स्क्रूसुद्धा स्टीलचेच. आम्ही रॉड ३०४ चा घेतला आणि स्क्रू घरातले जुने लोखंडी वापरले, भिंतीवर गंजाचे ओघळ आले.

समुद्रावरून येणारा प्रत्येक माणूस वाळू आणतो. जाळी उचलून साफ करता येईल अशी घ्या. आणि त्याहून सोपं म्हणजे पायरीपाशी, घरात शिरायच्या आधी, गुडघ्याइतक्या उंचीवर एक नळ आणि खाली चार चिरे. पाय धुवायला. शेजारी काथ्याचं पायपुसणं. ८०० रुपयांचं हे काम आहे आणि त्याने झाडूपोछा, चादरी, चोकअप तिन्ही वाचतं.

गरम पाण्याला १५ लिटरचा विजेचा गीझर. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये अजिबात लावू नका, त्याच्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात. पाण्यात सोडायचा रॉड तर पाहुण्यांच्या हातात द्यायचाच नाही. आमचा जुना तांब्याचा बंब मागच्या पडवीत ठेवला आहे, डिसेंबरात घर सांभाळणाऱ्या काकू सकाळी पेटवतात, मुलं सोडणाच्या (नारळाच्या सालींच्या) धुरात उभी राहून फोटो काढतात.

शौचालयाचा शोषखड्डा नवीन करणार असाल तर विहिरीपासून निदान ५० फूट लांब, शेजाऱ्याची विहीरही मोजा.

५) वीज आणि उजेड

आधी सुरक्षितता. जुन्या घरातलं वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असतं. ते बदला, नवीन अर्थिंग करा, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा, म्हणजे शॉक बसायची वेळ आली की लाइन आपोआप तोडणारा स्विच. ओल्या हाताने बटण दाबणारी पोरं येणार आहेत तुमच्याकडे.

मग दिवे. बहुतेक घरांत सहा हजार पाचशे केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा) पांढराफटक एलईडी असतो, ज्याच्या उजेडात खोली म्हणजे तालुक्याच्या दवाखान्याचा वॉर्ड वाटते. खोलीत २,७०० किंवा ३,००० केल्विनचे, म्हणजे वॉर्म व्हाइट, पिवळसर दिवे लावा. तेवढ्याच किमतीत मिळतात, फक्त खोक्यावरचा आकडा वाचून घ्यायचा. छताला एक मोठा दिवा नको, पलंगाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर एकेक, आणि पडवीत खांबांना दोन. पलंगावर पडल्या पडल्या हाताला येईल असं बटण आणि दोन प्लग. हा बदल आमच्याकडे एका खोलीला २,२०० रुपयांत झाला आणि त्याने खोली जितकी बदलली तितकी कशानेही नाही, रंगानेसुद्धा नाही.

पंखे बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घ्या. महाग वाटतात, पण हिशोब बघा. साधा पंखा ७५ वॅट, हा ३० वॅट. आमच्याकडे चार पंखे आणि ४० वॅटचे दिवे. साध्या पंख्यांनी ३४० वॅट, बीएलडीसीने १६०. इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी खरी वापरायला साधारण १,२०० वॅट-तास देते. म्हणजे पहिल्यात साडेतीन तास, दुसऱ्यात साडेसात. मे महिन्यात रात्री अकराला लाइट गेली तर पाहुणे अडीच वाजता उठून बसणार की सकाळपर्यंत झोपणार, एवढा फरक. आमच्याकडे इन्व्हर्टर आधीचाच होता म्हणून तो खर्चात धरलेला नाही. पंख्याचा रिमोट मात्र पोरं पळवतात, त्याला दोरी बांधा, हसू नका, तिसरा रिमोट चालू आहे.

६) पलंग, गादी, चादर

पलंग आमच्याकडे दोन जुने सागवानी होते, सुतारकाकांनी घासून, पाय घट्ट करून दिले. नसतील तर तालुक्याच्या गावात जुन्या फर्निचरवाल्याकडे बघा, नवीन हायड्रॉलिक पलंग घेऊ नका. त्याच्या पोटातल्या कप्प्यात पावसाळ्यात बुरशीची शेती होते.

गादी मात्र नवीन. कापसाची गादी दमट हवेत ओल धरते, तिला सारखं ऊन दाखवायला लागतं आणि ते ऊन जुलैत आणणार कुठून. आम्ही काथ्या आणि फोम अशा दोन थरांची सहा इंची घेतली. वर वॉटरप्रूफ कव्हर हवंच, लहान मुलं येतात.

चादरींची गोष्ट. ते १९,००० आठवतात ना, त्यातले ७,००० इथे गेले. हॉटेलसारख्या पांढऱ्याशुभ्र चादरी, पांढरे जाड टॉवेल. फोटो झकास आले. पण आमची माती जांभ्याची, लाल. एका सीझनमध्ये सगळं गुलाबी झालं, वर सुरमईच्या कालवणाचे डाग. आता खालची चादर चौकड्याची हातमागाची, टॉवेल वीटकरी आणि गर्द निळे, आणि पायाशी घडी करून सोलापुरी चादर. सोलापूरला भौगोलिक मानांकन चादरीलाही आहे आणि टॉवेललाही, दोन्ही तिथूनच मागवलं. टॉवेल ४०० ते ४५० जीएसएमचाच (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) घ्या, त्याहून जाड टॉवेल आपल्याकडे वाळत नाही आणि मग वास मारतो. पंचे पण ठेवलेत, समुद्रावर न्यायला.

प्रत्येक पलंगाला तीन जोड: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. दोनात भागवलं की लागोपाठ बुकिंग आलं की फजिती होते.

७) भिंती

जुन्या चिऱ्याच्या, मातीच्या गिलाव्याच्या भिंतीला चुना लावा. चुन्यातून भिंत श्वास घेते, ओल बाहेर पडते. प्लास्टिक पेंट तिला कोंडतो आणि मग फुगे येतात. पांढऱ्यात किंचित पिवळी माती घातली तर रंग फार गोड येतो. एकाच भिंतीचा चिरा उघडा ठेवायचा असेल तर गिलावा काढून सांधे भरून घ्या, पण पश्चिमेची पावसाची भिंत उघडी करू नका.

माझा दुसरा मूर्खपणा: वॉलपेपर. केळीच्या पानांचा, ५,००० रुपये. बाहेर आगरात खऱ्या केळी असताना! जूनमध्ये वरून सुटायला लागला, गणपतीपर्यंत पूर्ण खाली, मागे काळी बुरशी.

८) सामान: काय ठेवायचं, काय नाही

तिसरा आणि शेवटचा, ७,००० चा: ऑनलाइन मागवलेलं कपाट, पार्टिकल बोर्डचं. एका पावसाळ्यात बिस्कीट चहात बुडवल्यासारखं झालं. लाकडी वस्तू करायचीच तर आयएस ७१० लिहिलेलं मरीन प्लाय, आणि तेही कमीत कमी. पाहुणा दोन रात्री राहतो, त्याला कपाट नको, त्याला पाच खुंट्या, बॅग ठेवायला एक बाकडं आणि एक आरसा हवा. आम्ही माळ्यावरच्या दोन लोखंडी ट्रंका घासून, गंजरोधक प्रायमर मारून, गडद हिरव्या रंगवल्या. आता त्याच बॅग ठेवायच्या जागा.

शोभेची खरेदी करायच्या आधी माळा उपसा. आमच्या माळ्यावरून निघालं: घंगाळ, अडकित्ता, पाटा-वरवंटा, दोन कंदील, जातं, शिसवी पाट आणि सासूबाईंनी विणलेले दोन रुमाल. घंगाळात पाणी घालून जास्वंदाची फुलं सोडतो, रुमाल फ्रेम करून लावलेत. दापोलीत फ्रेमला ३५० रुपये घेतले. पण एक सांगते, सगळंच मांडून ठेवू नका. पहिल्यांदा आम्ही खोलीचं म्युझियम करून टाकलं होतं, पाहुण्याला पाण्याची बाटली ठेवायला जागा उरली नव्हती. आणि जी वस्तू फुटली किंवा गेली तर रडू येईल ती ठेवूच नका.

नको असलेल्या गोष्टी: प्लास्टिकची फुलं, लोखंडी वॉल हँगिंग, जाड पडदे, गालिचा. पडद्याला साडी चालते, सुती, लवकर वाळते.

९) पडवी

सगळ्यात कमी खर्च आणि सगळ्यात जास्त वापर इथे होतो. लोक खोलीत फक्त झोपतात, बाकी वेळ पडवीत. जुना झोपाळा होता त्याच्या कड्या बदलल्या (कड्या जुन्या ठेवू नका, चार मोठी माणसं एकदम बसतात), दोन वेताच्या खुर्च्या, एक बाकडं आणि शेणाने सारवलेलं खळं, म्हणजे पुढचं अंगण. खळ्याला फरशी घालू नका, उन्हाने तापते. काकूंनी दर आठ दिवसांनी सारवायचं आणि वर रांगोळीचे ठिपके, एवढंच. दिवाळीच्या आधी खळं करतात तेव्हा योगायोगाने एक कुटुंब राहायला होतं, त्यांची मुलगी जमीन चोपायचं चोपणं घेऊन बसली ती उठेना.

१०) आमचा खर्च, लपवाछपवी न करता

छप्पर, वाळवी: ३८,०००. दोन्ही बाथरूम: ६२,०००. वायरिंग, दिवे, पंखे: ३१,०००. गाद्या, चादरी, टॉवेल, मच्छरदाण्या: ४६,०००. चुना, रंग: १४,०००. पडवी आणि फर्निचर दुरुस्ती: १६,०००. खुंट्या, आरसे, फ्रेम, पायधुणी असं किरकोळ: ९,०००. एकूण २,१६,०००. यात आमचं जाणंयेणं धरलेलं नाही, आणि सुतारकाका घरचेच असल्यासारखे आहेत म्हणून मजुरी कमी लागली. तुम्हाला २० टक्के वर धरावं लागेल.

पैसे कमी असतील तर क्रम असा: छप्पर, एक बाथरूम, गादी, दिवे. एकच खोली सुरू करा. दुसरी पुढच्या वर्षी, पहिल्या खोलीच्या पैशातून.

११) फोटो

सकाळी सात ते नऊ, दारं-खिडक्या सताड उघडून. एकदा संध्याकाळी दिवे लावून पडवीचा, बाहेर थोडा उजेड शिल्लक असताना. मोबाइलची रुंद लेन्स वापरून खोली दुप्पट मोठी दाखवू नका, पाहुणा दारात उभा राहूनच नाराज होतो आणि मग चहासुद्धा त्याला कडू लागतो. बाथरूमचा फोटो हवाच. आणि जे गैरसोयीचं आहे ते लिहून टाका: आमच्याकडे गाडी वर थांबते आणि पाखाडीच्या ४३ पायऱ्या उतराव्या लागतात. हे लिहायच्या आधी एक आजोबा वॉकर घेऊन आले होते. चार जणांनी खुर्चीवरून खाली आणलं, आजोबा खूश, मी मात्र लाजेने अर्धी झाले.

१२) मे संपला की आवराआवर

आमच्याकडे १० जूनपासून बंद. त्याच्या आत हे झालंच पाहिजे: पश्चिमेच्या पडवीला पाऊस अडवायला झडी (आडोसे) लावणे, पन्हळी साफ, फुटकी कौलं बदलणे, गाद्या दिवसभर उन्हात टाकून मग उभ्या करून भिंतीपासून वीतभर लांब ठेवणे, चादरी पूर्ण वाळवून पत्र्याच्या ट्रंकेत कडुलिंबाच्या सुक्या पाल्याबरोबर, गीझरचा आणि टीव्हीचा प्लग काढून ठेवणे. जवळ ठेवायची हत्यारं: शिडी, टेस्टर, पाना, स्टीलच्या स्क्रूंची डबी, टेफ्लॉन टेप, जास्तीचे दोन नळ, चार बल्ब, उंदराचा पिंजरा.

पावसाळ्यात दर आठवड्याला कोणीतरी दारं-खिडक्या उघडून दोन तास पंखे लावायला हवेत, नाहीतर ऑगस्टमध्ये पलंगाच्या सागवानावरही पांढरी बुरशी येते. आम्ही त्यासाठी काकूंना चारही महिने पगार देतो. किल्ली त्यांच्याकडेच असते, दुसरी चुलतसासऱ्यांकडे, म्हणजे त्यांनाही बरं वाटतं.